जुन्या ट्रकचा वॉटर पंप: मुंबईत चांगला पंप कसा शोधावा आणि नीट कसा बसवावा

वडाळ्याच्या किंवा कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर जुन्या गाड्यांच्या मालकांशी बोललं की एक तक्रार हमखास ऐकू येते: इंजिनात थंडावणारं पाणी फिरवणारा वॉटर पंप नवा टाकला आणि काही महिन्यांत तो पुन्हा गळायला लागला. दोष बहुतेक वेळा पंपाच्या माथी मारला जातो. माझ्या मते यातल्या बऱ्याच गाड्यांत दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर त्या इंजिनाचा नसलेला पंप जमवून बसवलेला असतो, नाहीतर जुना पंप ज्या कारणाने गेला ते कारण तसंच ठेवून नवा बसवलेला असतो. म्हणून पाने हातात घेण्याआधीच्या कामाला या लेखात जास्त जागा दिली आहे.

पंपच गेलाय का, ते आधी पक्कं करा

गाडी गरम होते म्हणजे पंप गेला, असं नसतं. पट्टा ढिला असेल, रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदला असेल, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अडकला असेल, खालचा होज पाइप आतून सुटून किंवा मऊ पडून इंजिनाच्या ओढीने चपटा होत असेल, तरी तापमानाचा काटा वर जातो. इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगची) शंका घ्या, कितीही चांगला पंप तिथे उपयोगाचा नाही. आणि रेडिएटरची कॅप तपासायला विसरू नका. कॅप अर्धा बार दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा साधारण १११ अंशांपर्यंत उकळत नाही. तिचं रबर कडक झालं असेल, स्प्रिंग मेली असेल, तर तेच पाणी १०० अंशांना उकळून बाहेर फेकलं जातं. सगळ्या दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त पार्ट हाच, आणि शेवटी आठवतो तोही हाच.

पंपाची स्वतःची लक्षणं वेगळी आहेत. पंपाच्या पोटाखाली एक लहान भोक असतं, वीप होल. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी तिथून बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथे ओल, गंजाचा ओघळ किंवा कूलंटचा (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाचा) सुकलेला पांढरा-हिरवा थर दिसला तर सील संपलं आहे. इंजिन बंद आणि थंड असताना पट्टा ढिला करून पुली किंवा पंखा दोन्ही हातांनी पुढेमागे, वरखाली हलवून पाहा. खडखड लागली किंवा फिरवताना खरखर जाणवली तर बेअरिंग गेलं.

हे भोक एम-सील लावून बुजवलेले पंप रस्त्यावर सर्रास दिसतात. कृपा करून हे करू नका आणि कोणाला करू देऊ नका. गळती थांबलेली दिसते, पण पाणी आता सरळ बेअरिंगमध्ये जातं, त्यातलं ग्रीस धुऊन काढतं, आणि एक दिवस शाफ्ट जाम होतो किंवा तुटतो. ज्या गाड्यांत पंखा पंपाच्याच शाफ्टवर असतो तिथे तो पंखा रेडिएटरमध्ये घुसतो. बोरघाटाच्या चढावर भरलेल्या गाडीचं असं झालं तर हजारो रुपयांचं काम आणि ड्रायव्हरच्या जिवाचा प्रश्न, दोन्ही एकदम उभे राहतात.

जुना पंप कशाने गेला?

सील म्हणजे दोन गुळगुळीत कड्या. एक साधारणपणे कार्बनची, दुसरी सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. स्प्रिंगने त्या एकमेकींवर दाबलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये कूलंटचा अगदी पातळ थर राहतो. तोच त्यांचं वंगण. हे लक्षात घेतलं की सील कशाने मरतं ते आपोआप कळतं. पाणी नसताना ‘आवाज ऐकू या’ म्हणून इंजिन चालवलं, कड्या कोरड्या घासल्या. तापलेल्या इंजिनात थंड पाण्याची बादली ओतली, सिरॅमिकला तडा गेला. रेडिएटरची गळती थांबावी म्हणून हळद टाकली, तिचे कण सीलच्या फटीत आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसले. हळदीने आडरस्त्यावर वेळ निभावून जाते, पण घरी आल्यावर सगळी यंत्रणा धुतली नाही तर ती वेळ पुढे महागात पडते.

मुंबईत कूलंट न घालण्याचं एक समर्थन नेहमी ऐकू येतं: इथे कुठे बर्फ पडतो? बर्फाचा मुद्दा खरा आहे. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती सीलला आणि धातूला जपतात, शिवाय उत्कलनबिंदू वर नेतात. अर्धं इथिलिन ग्लायकॉल आणि अर्धं पाणी असं मिश्रण कॅपच्या दाबाशिवायही साधारण १०७ अंशांना उकळतं. नुसत्या पाण्यावर चाललेल्या जुन्या इंजिनातून पंप काढला की आत लाल चिखल निघतो, आणि इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकाची, पाती कडेने खाल्लेली दिसतात.

पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं. भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचं महापालिकेचं पाणी पावसाचं आहे, त्यात क्षार कमी असतात. खाडीकाठच्या बोअरचं किंवा टँकरचं पाणी खारट असू शकतं आणि त्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला, लोखंडाला खड्डे पाडतं. उरण, न्हावा-शेवा, कळंबोली भागात गाडी उभी राहते आणि क्लीनर जवळच्या नळाचं पाणी भरतो, तिथे हा धोका जास्त. डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी बॅटरीवाल्याकडे कॅनमध्ये मिळतं. पंपाच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

बेअरिंग गेलं असेल तर संशय पट्ट्यावर घ्या. पट्टा घसरतो म्हणून तो तारेसारखा ताणायची सवय असते. त्या ओढीने बेअरिंग एका बाजूला दाबलं जाऊन लवकर संपतं. पुल्या एका रेषेत नसल्या, पंख्याचं एखादं पातं तुटलं किंवा वाकलं असलं, तरी हेच होतं. तुटक्या पात्याचा पंखा नव्या पंपावर चढवणं म्हणजे पैसे फेकणं.

‘१६१३ चा पंप द्या’ असं म्हणू नका

टाटा १६१३ या नावात १६ म्हणजे गाडीचं भारासहित साधारण वजन, टनांत, आणि १३ म्हणजे सुमारे १३० अश्वशक्ती. इंजिन कुठलं, हे त्या नावातून कळत नाही. याच नावाच्या गाड्या टाटाच्या ६९७ इंजिनावरही आल्या आणि कमिन्सच्या सिक्स-बीटी मालिकेवरही. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, सुमारे ५.७ लिटर. ४०७ मध्ये बसणारं ४९७ हे त्याच पद्धतीने ४ सिलिंडरचं. कमिन्सचं सिक्स-बीटी ५.९ लिटरचं. लिटरच्या आकड्यांत फरक थोडा, पण दोघांचे पंप पूर्ण वेगळे. सिक्स-बीटीचा पंप लहानसा असतो, दोन बोल्टांवर आणि एका रबरी रिंगवर बसतो आणि सपाट खाचांच्या पट्ट्यावर फिरतो. लेलँडच्या हिनो इंजिनाची कहाणी आणखी वेगळी.

त्यात जुन्या गाडीत इंजिन कधीतरी बदललेलं असतं, किंवा इंजिन तेच पण पुढची पुली आणि पंखा दुसऱ्या गाडीचे असतात. म्हणून आरसी बुकावर विसंबू नका. इंजिनाच्या ब्लॉकवरची प्लेट घासून स्वच्छ करा, मॉडेल आणि नंबर दोन्हींचा फोटो काढा. पंपाच्या बॉडीवर ओतलेला किंवा ठोकलेला नंबर असतो, त्याचाही काढा. त्या नंबरावरून अधिकृत डीलरच्या पार्ट्स काउंटरवर नेमका पार्ट नंबर विचारा. पंप तिथून घ्यायचा नसला तरी नंबर तिथूनच घ्या.

जमत असेल तर जुना पंप काढून सोबत न्या. गाडी अडकून पडते म्हणून मालक हे टाळतात, पण चुकीचा पंप आणून परत फेरी मारण्यात याहून जास्त वेळ जातो.

मुंबईत शोधायचं कुठे

पहिला पर्याय कंपनीचा डीलर: टाटा जेन्युइन पार्ट्स, लेलँडचे लेपार्ट्स, कमिन्सचे डीलर. गाडी चालू मॉडेलच्या जवळची असेल आणि रोज घाटात जात असेल तर मी हाच सुचवेन. दुसरा पर्याय, कंपन्यांना पंप पुरवणाऱ्या किंवा स्वतःच्या नावाने विकणाऱ्या उत्पादकांचा माल. हा कळंबोली, वडाळा आणि वाशी-तुर्भ्याच्या ट्रक पार्ट्सच्या दुकानांत मिळतो. चांगल्या उत्पादकाचा पंप डीलरच्या पंपाइतकाच टिकू शकतो. अट एकच, उत्पादकाचं नाव-पत्ता खोक्यावर हवा.

तिसरा पर्याय कुर्ल्याचा सीएसटी रोड, जिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. बंद पडलेल्या मॉडेलसाठी कधीकधी तोच उरतो. पण तिथून वॉटर पंप घ्यायचा तो फक्त ओतीव बॉडीसाठी. आतलं सील आणि बेअरिंग बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी नवं घालायचं, हे धरूनच भाव करा.

अशा बॉडीसाठी, किंवा तुमच्याच जुन्या पंपासाठी, रिपेअर किट घेता येतो. त्यात शाफ्ट-बेअरिंग, सील, गॅस्केट आणि कधी इम्पेलर असतो. सुटं बेअरिंग, ओ-रिंग (गोल रबरी रिंग), चांगले होज क्लिप यासाठी मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट पालथी घाला. किटचं काम मात्र प्रेस मशीन असलेल्या वर्कशॉपमध्येच करून घ्या. हातोड्याने ठोकून बसवलेलं सील त्याच क्षणी तडकलेलं असू शकतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. इम्पेलर किती आत बसवायचा, बॉडीपासून किती फट ठेवायची, हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणे मोजून घ्यावं लागतं. फट जास्त राहिली तर पाणी पातींवरून मागे सरकतं आणि पंप चांगला असूनही गाडी चढावर गरम होते. मिस्त्रीला ‘फट किती ठेवता?’ असं विचारा. त्याच्याकडे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल आणि तो आकडा सांगेल, तर काम त्याच्याकडे द्या.

पंप हातात घेऊन काय पाहायचं

जुना पंप शेजारी ठेवा. बोल्टांची भोकं जुळवा, मग बसण्याच्या तोंडापासून पुलीच्या फ्लँजपर्यंतची उंची कॅलिपरने मोजा. इथे दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा पट्टा तिरका चालवतो. इम्पेलरचा व्यास, पात्यांची उंची आणि वळण सारखं आहे का बघा. वळण उलट असेल तर तो उलट फिरणाऱ्या पंपाचा इम्पेलर आहे. व्ही पट्ट्याच्या खाचा एक की दोन, पंखा बसायच्या मधल्या उंचवट्याचा व्यास किती, हेही तपासा.

मग शाफ्ट हाताने फिरवा. नव्या सीलचा थोडा सारखा अडसर लागायला हवा. अडकत-सुटत फिरत असेल किंवा अजिबात अडसर नसेल तर तो ठेवून दुसरा मागा. ओतीव कामात वाळूची छिद्रं, तोंडावर खरखरीत मशीनिंग, वीप होल अर्धं बुजलेलं, असं काही दिसलं तर नको. जड पंखा पंपावरच असेल तर दोन्ही बाजूंना गोळ्यांऐवजी एका बाजूला रोलर असलेलं बेअरिंग जास्त भार पेलतं. दुकानदाराला माहीत असेल तर विचारून घ्या.

खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष हवंच, कायद्याने ते छापावं लागतं. कंपनीच्या मालावर होलोग्राम असतो. छपाई पुसट असेल, शुद्धलेखन चुकलेलं असेल, किंमत डीलरच्या निम्म्याने असेल आणि दुकानदार बिल द्यायला टाळत असेल, तर माल नकली आहे असंच धरा. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. वॉरंटीचं बोलणं त्याशिवाय होत नाही.

पंपासोबत गॅस्केट किंवा ओ-रिंग, पट्टा, दोन्ही होज, क्लिप, थर्मोस्टॅट, कॅप आणि कूलंट एकदमच आणा. दोन पट्ट्यांची पुली असेल तर दोन्ही पट्टे एकाच जोडीचे घ्या. जुना ताणलेला पट्टा नव्याच्या शेजारी घातला की सगळा भार नव्यावर येतो.

काढताना

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना लाकडी गुटके लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरची कॅप उघडून भाजलेले हात या धंद्यात खूप आहेत.

रेडिएटरचा खालचा कॉक आणि ब्लॉकचा कॉक, दोन्ही उघडून पाणी टबात घ्या. एकच कॉक उघडला तर ब्लॉकमधला चिखल आतच राहतो. कूलंट गोडसर लागतं आणि विषारी आहे. टर्मिनलवरची कुत्री ते चाटतात आणि मरतात. गटारात ओतू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा.

पंख्याभोवतीचं आवरण सैल करून पंखा काढा. पुठ्ठ्याचा तुकडा रेडिएटरसमोर धरला तर जाळी वाचते. व्ही पट्टा असेल तर अल्टरनेटरचे, ज्याला सगळे डायनमो म्हणतात त्याचे, बोल्ट ढिले करून पट्टा उतरवा. सिक्स-बीटीवर स्प्रिंगचा टेन्शनर असतो, त्याच्या चौकोनी भोकात ३/८ इंचाचा रॅचेट घालून तो फिरवला की पट्टा सुटतो. होज चिकटला असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, लांबीत कापून काढा. होज नवा आणलेलाच आहे, रेडिएटरचं तोंड मात्र नवं मिळत नाही.

पंपाचे बोल्ट अनेक इंजिनांत वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर ब्लॉक फुटतो. बंदराजवळ फिरणाऱ्या गाड्यांचे बोल्ट खाऱ्या हवेने धरलेले असतात. त्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि पाना लावल्यावर आधी किंचित घट्ट करून मग सोडवा. बोल्ट मऊ होऊन पिळवटतोय असं हाताला जाणवलं की थांबा आणि त्या भागाला शेक द्या. तुटलेला बोल्ट काढायला लागणाऱ्या वेळात अख्खा पंप बदलून होतो.

बसवताना

ब्लॉकच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा आणि जुनं पॅकिंग पातीने खरवडून काढा. ग्राइंडर नको, तोंडाला खळगा पडला की कुठलंच गॅस्केट टिकत नाही. स्टीलची पट्टी आडवी धरून तोंड सपाट आहे का बघा. बोल्टांची भोकं साफ करा. आता, पंप नसताना, ब्लॉक आणि रेडिएटर पाण्याने धुवायची संधी आहे. रेडिएटरमध्ये नळी खालून लावा, पाणी उलट्या दिशेने वर येऊ द्या, आणि गाळ थांबेपर्यंत धुवा.

कागदी गॅस्केट असेल तर दोन्ही बाजूंना सीलंटचा अगदी पातळ हात पुरे. शेलॅकचे जाड थर किंवा सिलिकॉनचे वळ लावले तर जास्तीचा माल आत पिळून येतो, तुटतो आणि थर्मोस्टॅटपाशी किंवा रेडिएटरच्या नळीत जाऊन बसतो. ओ-रिंग असेल तर सिलिकॉन अजिबात नको. तिला तेल-ग्रीसही नको, काही रबर त्याने फुगतं. थोडं कूलंट बोटाने लावा.

पंप सरळ बसवा, सगळे बोल्ट आधी हाताने लावा. पाण्याच्या जागेत उघडणाऱ्या भोकातल्या बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावा. मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (ज्यावर जोर मोजता येतो अशा पान्याने) घट्ट करा. आकडा मॅन्युअलमधला घ्या. सिक्स-बीटीला पंपाच्या बोल्टांसाठी २४ न्यूटन-मीटर सांगितला आहे. तो मनगटाच्या जोराहून कमी वाटतो, आणि नेमकं म्हणूनच टॉर्क पाना लागतो. बोल्ट ओढून पंपाचा कान तोडणं फार सोपं आहे.

पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी धरून रेषा तपासा. व्ही पट्टा सगळ्यात लांब पल्ल्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबला की साधारण १० ते १२ मिलिमीटर दबायला हवा. पंखा हाताने पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कोणी देईल. ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा बायपासची वाट बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरमागरम परत फिरतं, आणि चढावर गाडी जास्तच तापते. नवा थर्मोस्टॅटही पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर सोबत ठेवून तापवून बघा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला सुरुवात व्हायला हवी. बसवताना हवा सुटायचं छोटं भोक वर ठेवा.

पाणी भरणं आणि पहिले किलोमीटर

कूलंट आणि डीएम पाणी बादलीत आधी मिसळून घ्या, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात, आणि हळूहळू ओता. घाईने ओतलं की हवा आत अडकते आणि सील कोरडं राहतं. रेडिएटर भरला की वरचा होज हाताने दाबून-सोडून हवा काढा. इंजिनावर हवा सोडायचा स्क्रू असेल तर त्यातून अखंड धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. कॅप न लावता इंजिन संथ चालू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते. तेवढं भरून कॅप लावा.

पंपाखाली कोरडा पुठ्ठा ठेवा. नव्या सीलच्या कड्या एकमेकींवर बसेपर्यंत वीप होलपाशी किंचित ओल येऊ शकते. थेंब पडत राहिले तर मात्र पंप परत द्यायचा.

पहिली फेरी रिकामी, जवळपासची. मग भार घालून चढ. मुंबईच्या गाडीसाठी बोरघाट किंवा कसारा घाट हीच खरी परीक्षा आहे. ड्रायव्हरला सांगून ठेवा की काटा नेहमीच्या जागेवरून सरकला तर गाडी बाजूला घ्यायची, इंजिन लगेच बंद न करता संथ चालू ठेवायचं, आणि काटा उतरेपर्यंत कॅपला हात लावायचा नाही. काटा लाल पट्ट्यात गेला असेल किंवा पाणी निघून गेलं असेल तर मात्र ताबडतोब बंद. परत आल्यावर इंजिन थंड झालं की पातळी, क्लिप आणि बोल्टांभोवतीची ओल पाहा. नवा पट्टा सुरुवातीला ताणतो, त्यामुळे साधारण ५०० किलोमीटरनंतर त्याचा ताण पुन्हा तपासा.

जुना पंप लगेच भंगारात देऊ नका. बॉडीला तडा नसेल आणि बसण्याचं तोंड शाबूत असेल, तर तो धुऊन, सुकवून, तेलाचा हात लावून प्लॅस्टिकमध्ये बांधा आणि वर इंजिनाचा नंबर लिहा. सावकाशीने किट घालून घेतला की तो गाडीचा राखीव पंप होतो. लांबच्या फेरीला तो एक पट्टा, एक ओ-रिंग किंवा गॅस्केट आणि कूलंटच्या कॅनसोबत केबिनमध्ये असू द्या. तुमच्या इंजिनाला नक्की बसणारा पंप इगतपुरीच्या पुढे रात्री कुठल्या दुकानात मिळेल, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.